तिबिलिसीतून 'काझाक' गालिचा घ्यावा का? भाचा रोज फोटो पाठवायलाय, जाणकारांनी जरा बघा

लातूरचा_मामा

नमस्कार मंडळी. गालिच्यातलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगतो. भाचा तिबिलिसीला एमबीबीएसला आहे (आपल्या लातूर-नांदेडची किती पोरं तिकडं जॉर्जियात आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, नीटचा कटऑफ अन् इथल्या प्रायव्हेट कॉलेजच्या फिया बघितल्या की माणूस दुसरं काय करणार). तर आमचं नवं घर झालंय, हॉल ऐसपैस आहे, अन् मंडळींचं म्हणणं की खाली एक झकास गालिचा पाहिजे. हे भाच्याच्या कानावर गेलं. तिथं कुरा नदीकाठी ड्राय ब्रिज म्हणून जुना बाजार भरतो, रशियन मेडलं, कॅमेरे, समोवार, भांडीकुंडी, काय म्हणाल ते मांडून बसतात, गालिचेवालेबी असतात. तिथं त्यानं एक हेरून ठेवलाय अन् तवापासून "मामा घेऊ का, मामा घेऊ का" करायलाय.

गालिचा असा: साधारण ७ फूट बाय ५ फूट. जमीन हिरवी, मधोमध पांढरट मोठा अष्टकोन, चार कोपऱ्यांत चार चौकोन अन् चौकोनात चांदण्या. किनारीला तिरकी दातेरी पानं अन् दोन पानांच्या मधी पेल्यासारखं काहीतरी, आमच्या मंडळींना तो दारूचा पेला वाटायलाय ते आणखी वेगळंच. एका बाजूला उर्दूसारखे आकडे विणलेत. दुकानदार म्हणतो १२२६ लिहिलंय म्हंजे १८११ साल, दोनशे वर्षांचा काझाक. मागायलाय २५०० लारी, आपल्या पैशात पाऊण लाखाच्या वर जातंय.

आता माझं म्हणणं, एवढ्या पैशात इथं दिवाणखाना पूर्ण होतो. पण वस्तू खरी असली तर सोडायचीबी नाही. ओळखायचं कसं? अन् या नक्षीचा काही अर्थ असतो का, कारण घरात आणायची म्हंजे मंडळींना आधी ते सांगावं लागतंय.

जुना_जाजम (छ. संभाजीनगर)

मामा, फोटो झ्याक आलेत पण सगळे तोंडाचे आलेत, पाठीचा एकबी नाही. मी बरीच वर्षं जयपूरला गालिच्यांच्या एक्स्पोर्टमध्ये काढली आहेत, तिथं कुठलाही मुरलेला माणूस आधी गालिचा उलटा करायचा, नक्षीकडं नंतर बघायचा. कारण नक्षीची कॉपी कुणीबी करतं. तुम्ही जी सांगितली, मधी अष्टकोन अन् कोपऱ्यांत चार चौकोन, तिला व्यापारात काराचोव म्हणतात, अन् ती आज पेशावरकडं विणतात, अफगाणिस्तानात विणतात, आपल्याकडं भदोही-जयपूरलाबी विणतात. १९९० नंतर पेशावरच्या बाजूला अफगाण निर्वासितांनी जुन्या कॉकेशियन (म्हंजे जॉर्जिया-आर्मेनिया-अझरबैजानच्या डोंगरी पट्ट्यातल्या) नक्षीचे इतके गालिचे काढले की आज दिल्ली-मुंबईच्या शोरूममध्ये 'काझाक' म्हणून जे मिळतं ते बहुतेक तेच असतं. वाईट माल नाही बरं का, हाताचाच असतो, पण त्याला अँटिक म्हणून पाऊण लाख द्यायचे का हा प्रश्न.

आणि काझाकचा कझाकस्तानशी काही संबंध नाही, हे लोक हमखास घोळ घालतात म्हणून सांगतो. गझाख नावाचं गाव अझरबैजानच्या पश्चिम टोकाला आहे, जॉर्जियाच्या हद्दीजवळ. त्या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे आजचा जॉर्जियाचा दक्षिण भाग, आर्मेनियाचा उत्तर भाग अन् अझरबैजानचा तो कोपरा, जे जाड लवेचे (लव म्हंजे वर उभे राहिलेले लोकरीचे शेंडे) मोठ्या नक्षीचे गालिचे निघायचे त्यांना व्यापाऱ्यांनी सरसकट काझाक करून टाकलं. त्यातले बोर्चालो अन् फखरालो म्हणतात ते तर तिबिलिसीच्या दक्षिणेला हाकेच्या अंतरावरचे. म्हणजे भाच्याच्या बाजारात असा गालिचा निघणं अशक्य अजिबात नाही, उलट असलाच तर तिथं असणार.

आता भाच्याला काय काय बघायला सांगायचं ते लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं झालर. खऱ्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्या ताण्याचीच (उभ्या धाग्यांचीच) टोकं असतात, शिवून लावलेली नसते. शिवलेली दिसली तर एकतर मशिनचा माल नाहीतर टोक खाल्लेलं झाकलंय. ताणा हातात धरून बघायचा, जुन्या काझाकचा ताणा लोकरीचा, न रंगवलेला, अन् कित्येकदा एकाच धाग्यात पांढरी अन् तपकिरी लोकर एकत्र पिळलेली दिसते. पेशावरच्या अन् आपल्याकडच्या कॉपीला ताणा बहुतेक पांढरा सुती असतो. एक सुटा तंतू काढायला मिळाला तर जाळून वास घ्यायचा, लोकर जळली की केस जळाल्यासारखी घाण सुटते अन् काळी गोळी होते, सूत कागदासारखं जळतं. दुकानदारासमोर काडी ओढू नका म्हणावं, तो भांडेल.

दुसरं, पाठ. उलटा केला की गाठींच्या ओळी दिसतात अन् दोन ओळींच्या मधून बाणा (आडवा धागा) गेलेला असतो. जुन्या काझाकमध्ये हा बाणा बऱ्याचदा लाल रंगवलेला असतो अन् एका ओळीनंतर दोनदा, तीनदा, कधी चारदा घातलेला असतो, त्यामुळं पाठीवर आडव्या बारीक लाल रेघा लागतात. हे दिसलं की माझं तरी निम्मं काम होतं. गाठी मोजायच्या तर एक इंच बाय एक इंचात साठ-सत्तर भरल्या तरी काझाकला पुष्कळ, उगाच "जास्त गाठी म्हणजे भारी" हे इराणी गालिच्याचं गणित इथं लावू नका. शिरवान अन् कुबा हे कॅस्पियन बाजूचे बारीक, त्यांची लव कमी अन् गाठी शंभराच्या वर जातात. काझाकची मजाच जाडीत अन् मोठ्या नक्षीत आहे, उंच डोंगरातल्या मेंढीची लांब चकाकती लोकर असते ती, थंडीत अंगाखाली घ्यायला केलेली.

तिसरं, गाठ. लव दोन्ही अंगठ्यांनी आडवी फाकवायची अन् मुळाशी बघायचं. कॉकेशसची जुनी गाठ सिमेट्रिक असते, लोकरीचा तुकडा दोन ताण्यांवरून आडवा जातो, दोघांना बाहेरून वेढा घालतो अन् दोन्ही टोकं दोघांच्या मधून एकत्र वर येतात. मुळाशी एक आडवा पट्टा अन् त्याच्या खालून दोन शेंडे असं दिसतं. पर्शियन गाठीत एका ताण्याला पूर्ण वेढा अन् दुसऱ्याच्या नुसतं खालून, दोन टोकं वेगवेगळी निघतात. आपल्या भदोहीचे बहुतेक पर्शियन गाठीचे, पेशावरचे काझाकबी कित्येकदा तसेच. मोबाइलच्या टॉर्चवर क्लोजअप काढून पाठव म्हणावं.

आणि लव फाकवलीच आहे तर रंगबी तिथंच बघा. मुळाशी भडक अन् शेंड्याला विटलेला, मधी एकदम रेघ मारल्यासारखा फरक असेल तर केमिकल वॉश नाहीतर कच्चा रंग. १८५६ ला पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, त्यानंतर विसेक वर्षांत कॉकेशसच्या खेड्यांतबी ॲनिलीनचे रंग पोचायला लागले, त्यातला काही जांभळा-गुलाबी आज वरून राखाडी झालेला असतो अन् मुळाशी कडक गुलाबी. मंजिष्ठाचा लाल अन् निळीचा निळा हे मुळापासून शेंड्यापर्यंत हळूहळू उतरतात. ओला पांढरा रुमाल घासा, रंग आला तर सावध, झिजलेल्या जागी मार्करनं रंगवलेलं असतं कधीकधी.

सालाबद्दल मी काही बोलत नाही, त्यातला जाणकार येईल कुणीतरी इथं.

नांदेड_पॅसेंजर

१२२६ मधी ५९० मिळवा की. आमच्या वाड्याच्या जुन्या कागदात असंच असतं, १३५८ म्हंजे ४८ साल, पोलीस ॲक्शनचं. मग १२२६ म्हंजे १८१६ येतंय, दुकानदार पाच वर्षं चुकला एवढंच 😀

पेशकार (परभणी)

पॅसेंजर, ते फसली साल. निजामाच्या महसुलाचं, आपल्या सातबाऱ्या-पहाणीत असायचं, ते सौर आहे म्हणून ५९० चा हिशेब बसतो. कॉकेशसमध्ये निजाम कुठून येणार. तिथल्या गालिच्यावर हिजरी असतं अन् हिजरी चांद्र, वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. हिजरी सालातून शंभराला तीन वजा करायचे अन् ६२२ मिळवायचे. १२२६ चे तीन टक्के ३६-३७, राहिले ११८९, अधिक ६२२, १८११. म्हणजे दुकानदाराचा हिशेब बरोबर आहे.

पण आकडा बरोबर आहे का ते बघा. माझं निम्मं आयुष्य उर्दू कागद वाचण्यात गेलं, आमच्या वडलांची तर सगळी शाळाच उर्दूत झाली, त्यामुळं हे आकडे अंगवळणी आहेत. दोन अन् तीन यांच्यात फरक किती, तर वरच्या बाजूला एका दाताचा. दोनाला दोन दात, तीनाला तीन, बाकी दांडी तीच. आता गालिच्यात एक दात म्हणजे किती गाठी, जाड विणीत पाच-सात असतील नसतील. तेवढ्या उपटून तिथं जमिनीच्या रंगाच्या गाठी मारल्या की १३२६ चं १२२६ झालं. १३२६ म्हणजे १९०८. शंभर वर्षं फुकटात वाढली. ही व्यापारातली जुनी चलाखी आहे अन् कॉकेशियन गालिच्यावर ती करतात कारण तिथले बरेच साल घातलेले गालिचे तेराशेच्या घरातलेच असतात.

तर भाच्याला सांगा, तीन-दोनचा आकडा पाठीमागून बघ. दुरुस्तीच्या गाठी पुढून कापून बेमालूम करता येतात, पाठीवर लोकरीचा पोत अन् रंग वेगळा लागतोच. बोट फिरवलं तरी खडबडीत लागतं. आणखी एक, आकडे उलटे म्हणजे आरशातल्यासारखे विणलेले असले तर घाबरू नका. विणणाऱ्या बायका बहुतेक लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, समोरच्या नमुन्यावरून आकडा नक्षीसारखा उचलायच्या, कधी उलटा पडायचा. कधी इसवी साल असतं, आर्मेनियन घरात विणलेला असला तर आर्मेनियन अक्षरंबी असतात.

येवल्याचं_नाही_पैठणचंच

मामा तुमच्या प्रश्नाला सोडून आहे थोडं पण लिहितो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग आहे म्हणून मला यातलं ते लवेचं जाड काम नाही तर बिनलवेचं कॉकेशसचं काम लई आवडतं, किलीम अन् सुमाख. किलीममध्ये एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथं दोन्ही बाणे आपापल्या ताण्याला वळसा मारून माघारी फिरतात, एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून उभी रेघ आली की तिथं चीर राहते, उजेडासमोर धरलं तर आरपार दिसते. म्हणून त्यांची नक्षी पायऱ्या-पायऱ्यांची, तिरकी, उभी सरळ रेघ लांब नेतच नाहीत, चीर वाढते ना. पैठणीत आम्ही दोन रंगांचे बाणे तिथल्या तिथं एकमेकांत गुंतवतो, म्हणून पदराला चीर नाही अन् दोन्ही बाजू सारख्या. त्याच्यामुळं आमची असावलीची वेल वळणं घेऊ शकते, रेशमाचा बारीक धागा असल्यानंबी घेऊ शकते म्हणा. काझाकच्या जाड लोकरीत गोल काढायचा म्हटलं तर अष्टकोनच होणार, त्यात गूढ काही नाही.

सुमाख वेगळंच प्रकरण आहे. त्यात बाणा नुसता वर-खाली जात नाही, चार ताण्यांवरून पुढं जायचं अन् दोनाखालून माघारी यायचं, असं गुंडाळत गुंडाळत. पाठीवर सगळे धागे लोंबते सोडून देतात, पुढची बाजू सपाट अन् माशाच्या काट्यासारखी तिरकी दिसते. उलट्या बाजूला लांब लांब दोरे लोंबतात म्हणून खराब झालाय समजून लोक सोडून देतात. भाच्याला असा काही दिसला तर त्याचापण फोटो टाकायला सांगा, मला नुसता बघायचाय.

कन्नडचा_घाट

अर्थ विचारलात म्हणून सांगतो, कुठल्याबी दुकानदाराला विचारा, अर्थ तयारच असतो. अष्टकोन म्हंजे विश्व, चांदणी म्हंजे नशीब, मेंढ्याचं शिंग म्हंजे पौरुष, हिरवा म्हंजे स्वर्ग. गिऱ्हाईक जर्मन असलं तर एक अर्थ अन् अमेरिकन असलं तर दुसरा. विणणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं? ती आईच्या गालिच्यावरून उचलायची, शेजारणीच्या गालिच्यावरून उचलायची, मापात बसलं नाही तर अर्धा अष्टकोन कापायची.

आता 'ईगल काझाक' घ्या, नाव केवढं दणदणीत, लिलावात उड्या पडतात. तो काझाक पट्ट्यातला नाहीच, अझरबैजानातल्या काराबाखचा आहे, चेलाबेर्द म्हणतात त्याला. अन् त्यात गरुडबिरुड नाही, जुन्या मोठ्या गालिच्यातला पानाफुलांचा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या जाड विणीत उतरत उतरत किरणं फुटल्यासारखा झाला, युरोपच्या व्यापाऱ्यांना त्यात झारचा गरुड दिसला. ड्रॅगन कार्पेट म्हणतात ते सतराव्या शतकातले, त्यात ड्रॅगन आहेत हे मान्य, पण तेबी इतके कोनाकोनाचे की दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की दुकानातला अर्थ ऐकून पैसे वाढवून देऊ नयेत.

जुना_जाजम (छ. संभाजीनगर)

घाट, निम्मं पटलं. बाई अर्थ ठरवून विणायची नाही हे खरं, पण नक्षीला वंशावळ असते ती टाकून देऊ नका. मामांच्या गालिच्यातली मांडणी बघा, मधी एक मोठं अन् चार कोपऱ्यांत चार लहान, ही तुर्कस्तानातल्या जुन्या गालिच्यांत शेकडो वर्षांपासून आहे. हान्स होल्बाइनच्या चित्रांत तुर्की गालिचे टेबलावर अंथरलेले दिसतात, १५३३ चं दोन फ्रेंच राजदूतांचं चित्र तर प्रसिद्धच आहे, म्हणून त्या घराण्याला होल्बाइन गालिचे नाव पडलं. तसंच हुकासारख्या आकड्या-आकड्यांचा अष्टकोन त्याच्या आधी पंधराव्या शतकात मेमलिंगच्या चित्रांत आहे, अन् तोच आकडेवाला अष्टकोन एकोणिसाव्या शतकात कॅस्पियनकडच्या मुघान भागातल्या बायका विणत होत्या. मधल्या चारशे वर्षांत तो कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला हे बघायलाच मला मजा येते. फक्त नक्षी जुनी म्हणून गालिचा जुना होत नाही, हे मामांच्या कामाचं.

उलटबी झालंय. १८१३ अन् १८२८ च्या तहांनी तो मुलूख इराणकडून रशियाकडं गेला, मग काराबाखच्या गालिच्यात फ्रेंच वळणाचे लालगुलाबी गुलाब आले, रशियन गिऱ्हाइकाला ते आवडायचे. १८८३ ला बाकू ते बातुमी रेल्वे तिबिलिसीवरून पूर्ण झाली अन् माल थेट काळ्या समुद्राच्या बंदरात जायला लागला. त्यानंतर सरकारनंच घरगुती उद्योगाला उत्तेजन म्हणून नमुने वाटले, लोकर-रंगाची सोय केली. आज जगात जे कॉकेशियन गालिचे फिरताहेत त्यातले बहुतांश या काळातले, १८७० ते १९२० च्या आसपासचे. १८११ चा निघणं म्हणजे म्युझियमची गोष्ट झाली, तो ड्राय ब्रिजला जमिनीवर पडलेला नसतो.

पुढं सोव्हिएत आल्यावर सहकारी कारखाने झाले, नक्षी त्याच ठेवल्या पण सुती ताणा, क्रोमचे पक्के रंग, सगळा गालिचा एकसारखा. जुन्यात एकाच हिरव्या जमिनीत वर एक छटा, मधी दुसरी, खाली तिसरी असे पट्टे येतात, कारण लोकर घरच्या भांड्यात थोडी थोडी रंगवायची अन् पुढचा घाणा तसाच यायचा नाही. त्या पट्ट्यांना अब्राश म्हणतात. त्याला डाग समजून भाव पाडू नका, उलट तोच बघायचा असतो. (कॉपी करणारेपण आता मुद्दाम अब्राश घालतात, पण त्यांचे पट्टे फार नेमाने येतात.)

लातूरचा_मामा

मंडळी, कमाल केली तुम्ही. भाच्याला सगळं फॉरवर्ड केलं, तो क्लास सुटल्यावर गेला अन् गालिचा उलटा टाकून बसला, दुकानदाराला आधी वाटलं पोरगं नुसतं टाइमपास करायलंय, मग त्यानं स्वतःच कोपरा धरून दिला म्हणे. हे त्यानं बघितलं:

झालर शिवलेली नाही. ताणा लोकरीचा, पांढऱ्यात तपकिरी पिळलेला. पाठीवर लाल रेघा आहेत. गाठीचा फोटो खाली टाकलाय, मला तर पट्टा अन् दोन शेंडे दिसायलेत, जाजम तुम्ही सांगा. रुमालाला रंग लागला नाही. हिरवी जमीन एका टोकाला पोपटी अन् दुसऱ्या टोकाला गडद आहे, दुकानदार त्यावर काही बोलला नाही. चौकोनातल्या चांदण्यांत एक नारंगी रंग आहे तो मात्र लई भडक, डोळ्यात खुपतो. तपकिरी-काळ्या रेघा सगळ्या झिजल्यात अन् बाजूची लव वर उठल्यासारखी राहिलीये.

अन् पेशकार साहेब, आकड्याच्या पाठीमागं दुसऱ्या नंबरच्या आकड्यापाशी बोटभर जागेत हिरवा वेगळाच आहे. निळसर. लोकरबी मऊ. भाच्यानं विचारलं तर दुकानदार म्हणाला कसर लागली होती म्हणून रिपेअर केलंय.

पेशकार (परभणी)

कसर काय नेमकी तिसऱ्या दातालाच लागली?

जुना_जाजम (छ. संभाजीनगर)

गाठ सिमेट्रिकच आहे मामा, फोटो स्वच्छ आलाय. लोकरीचा ताणा, लाल बाणा, सिमेट्रिक गाठ, अब्राश, हे सगळं एकाच गालिच्यात जमून आलंय म्हणजे माल तिकडचाच अन् जुनाच. काळ्या रेघा झिजल्या तेबी चांगलं लक्षण, काळा-तपकिरी करायला लोहाचा अंश वापरायचे अन् तो लोकर खातो, शंभर वर्षांत तेवढीच लव खाली जाते अन् बाकीची नक्षी उठून राहते. नव्या मालात हे कात्रीनं करतात पण मग झीज सरळ असते, मुळाशी लोकर खाल्लेली दिसत नाही. नारंगी बहुधा सुरुवातीच्या कृत्रिम रंगातला, १९०८ ला तो अगदी बसतो, १८११ ला कसा बसेल, तेव्हा तो जन्मालाच आला नव्हता. नारंगी अन् साल दोन्ही एकमेकांना धरून आहेत, १३२६ च आहे ते.

आता घ्यायचा का, तर मी घेतला असता, पण १९०८ च्या भावानं. भाच्यानं भांडायचं नाही. नुसतं आकड्याची पाठ दाखवायची अन् नारंगीवर बोट ठेवायचं, बोलायचं कमी. अन् एक, गालिचा घडी घालून कानाजवळ दाबून बघ म्हणावं, ताणा कुजलेला असला तर कडकड वाजतो. तसा वाजला तर फुकट दिला तरी घेऊ नका, आपल्याकडं आल्यावर वर्षाच्या आत घडीवर फाटतो.

उदगीरची_डॉक्टरीण_होणार

मामा मी पण तिबिलिसीलाच आहे, उदगीरची. बाकी गालिच्याचं मला माहीत नाही पण एक गोष्ट नक्की सांगा त्याला, इथून जुनी वस्तू बाहेर न्यायची तर संस्कृती खात्याचा परवान्याचा कागद लागतो, एअरपोर्टवर विचारतात. गालिचेवाल्यांना प्रोसेस माहीत असते, जुन्या तिबिलिसीतल्या दुकानांतले बरेचजण स्वतः करून देतात, ड्राय ब्रिजवाले टाळतात. पैसे देण्याच्या आधी कागदाचं पक्कं करायचं. फ्लाइटच्या आदल्या दिवशी होत नाही ते.

आणि ७ बाय ५ चा लोकरीचा म्हणजे १०-१२ किलो तरी भरेल, सुट्टीला येताना बॅगेत तेवढी जागा सोडायची तर पुस्तकं इथंच ठेवावी लागतील, मी तर ठेवतेच 😅

कन्नडचा_घाट

मामा लातुरात तो धुणार कुठं ते आधी बघा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव तुमचं.

लातूरचा_मामा

घाट भाऊ, आता पाणी आहे बरं 😄 पण प्रश्न खरा आहे, धुवायचा कसा?

जुना_जाजम (छ. संभाजीनगर)

धुवायचा नाहीच, निदान घरी नाही. पाइप मारून अंगणात धुतला अन् दोन दिवस ओला राहिला की ताणा कुजायला लागतो, नारंगीचा भरवसा नाही तो वेगळाच. आला की उन्हात नाही, सावलीत उलटा टाका, पाठीवरून हलक्या हातानं झटका, एवढी माती निघेल की तुम्हीच बघत राहाल. व्हॅक्यूम लवेच्या दिशेनं फिरवायचा, झालरीवर अजिबात नाही, ओढून नेतो. खाली फेल्टचं अस्तर टाका. सोफ्याखाली गेलेला भाग महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघायचा, कसर अंधारात न हललेल्या जागीच लागते, तुमच्या दुकानदाराची कसर नाही, खरी. ठेवायचा झाला तर घडी नको, पीव्हीसीच्या पाइपवर लव बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा अन् जुन्या सुती चादरीत बांधा, प्लास्टिकमध्ये नको.

आणि भाच्याला सांगा, पावतीवर साल काय लिहायलाय ते वाचून घे. १८११ लिहून दिलं तर परवान्याच्या कागदाला अडेल, एवढा जुना माल ते सहजासहजी सोडत नाहीत. दुरुस्ती केली म्हणतोयच तर दुरुस्तीसुद्धा लिहून मागा.